टाचणी लावलेलं पान

"हे मोठ्यांचं आहे," मी म्हणाले आणि केझियाच्या हातातून हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढून घेतलं.

ती माझ्या कपाटासमोर फरशीवर मांडी घालून बसली होती. दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर वाळलेली खपली. पुस्तक गेलं तरी तिचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले.

"यात साप होते, बाई," ती म्हणाली. "आमच्याकडं असतात तसे."

"साप काय, दुसऱ्या पुस्तकांतही असतील."

मी स्टुलावर चढले आणि ते पुस्तक कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, पिठाच्या रिकाम्या डब्यामागे सरकवलं. पासष्टीची बाई गुडघे दुखत असताना एवढी धडपड कशाला करते आहे, असं तिला वाटलं असणार. तिने तसं काही विचारलं नाही. घरी शिकणाऱ्या मुलांना उलट विचारायची खोड नसते असं तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे म्हणायचे. केझियाला ती होती, पण ती एकदाच विचारायची.

त्यानंतर केझियाला मी फक्त एकदा हसता-बोलताना पाहिलं.

तिचे आईवडील बाहेरच्या खोलीत चहा घेत बसले होते. वडील सुमंत उजागरे माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. पुण्यात इंजिनियरची चांगली नोकरी होती, ती सोडून राहुरीजवळ पाटाच्या कडेला वडिलांच्या शेतावर येऊन राहिला. मुलांना शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं, देवाच्या भयात वाढवायचं, असं त्याने आणि बायकोने ठरवलं होतं. आमच्या नगरच्या मंडळीत त्यावर उपासनेनंतर खूप चघळाचघळ व्हायची. काहींना तो संत वाटायचा, काहींना अर्धवट. मला त्या मुलांचा हेवा वाटायचा. तीस वर्षं मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण साठ-साठ पोरींच्या वर्गात बेडूक कोणाच्या डोळ्यासमोर नीट यायचाच नाही.

"बाई, चित्रांची पुस्तकं हवीत," सुमंत म्हणाला. "झाडं, पक्षी, प्राणी, सगळं. तुम्ही निवडाल ती घेऊ. विषय येणारा आणि मंडळीतला, असं दोन्ही एका माणसात सापडत नाही हो."

"कशी हवीत ते तरी सांग."

तो बायकोकडे बघायला लागला. निर्मला बोलायला सावकाश होती, एकेक शब्द निवडून ताटात वाढावा तशी बोलायची. "चित्रं खरी हवीत," ती म्हणाली. "आणि पुस्तक मिटल्यावर मुलांना निर्माणकर्ता आठवावा. बाकी तुम्हाला कळतं."

एवढंच त्यांनी मागितलं होतं. बाकीचं मी ऐकलं ते माझ्या स्वतःच्या कानातलं होतं.

ते कुठून आलं ते सांगते. बावीस वर्षांपूर्वी मी संडे स्कूलच्या मुलांना दगडात ठसा उमटलेला एक शिंपला दाखवला होता आणि हा फार जुना आहे, आपल्याला मोजता येणार नाही इतका, असं म्हणाले होते. पुढच्या रविवारी एका वडीलधाऱ्या सभासदांनी भर मंडळीत मला उभं केलं आणि विचारलं, किती जुना, बाई? आकडा सांगा. आमच्या मंडळीच्या हिशेबात सगळी सृष्टीच सहा हजार वर्षांची होती. मी आकडा सांगितला नाही. खाली बघत उभी राहिले, मग बसले, आणि संडे स्कूल सोडलं. तेव्हापासून शाळेत मी एक बाई होते आणि मंडळीत दुसरी. शाळेतली बाई फळ्यावर उत्क्रांतीचा तक्ता काढायची, मंडळीतली बाई फुलदाण्यांतलं पाणी बदलायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागले होते.

हिरव्या पुस्तकात वाईट काहीच नव्हतं. आमच्याच भागातल्या एका वनाधिकाऱ्याने लिहिलेलं, हाताने रंगवलेली चित्रं, आता छपाई बंद. डोंगरातली झाडं, माळावरचे पक्षी, उसातले साप. फक्त शेवटच्या पानावर एक मोठा वृक्ष काढलेला होता. खालच्या फांद्यांवर मासे, वर पाखरं, एका फांदीवर माकडं आणि त्याच फांदीच्या टोकाला माणूस. केझियाच्या हातात ते पुस्तक पाहिलं तेव्हा मला ते पान दिसलं, आणि पानामागे उभी असलेली सगळी मंडळी दिसली.

मी दुसरी पुस्तकं निवडली. पुण्याच्या एका ओळखीच्या पाळकसाहेबांची भाची परदेशातून घरगुती शिक्षणाची पुस्तकं मागवायची. तिच्याकडून चार मोठे खंड आले. गुळगुळीत कागद, ताटाएवढी पानं, आणि प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला निर्माणकर्त्याचे आभार. जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन मी दोन दिवस ते पान न् पान वाचलं. काय शोधायचं ते माझं ठरलेलं होतं. कोट्यवधी वर्षं कुठे आहेत का, माकड माणसाच्या फार जवळ बसलंय का. ते कुठे सापडेना तशी मी खूश होत गेले. चारही खंड संपले तेव्हा पेन्सिलीचं टोक तसंच टोकदार होतं. एवढी निर्दोष पुस्तकं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

ती घेऊन ईस्टरनंतरच्या शनिवारी मी एस.टी.ने राहुरीला गेले. सुमंत मोटरसायकल घेऊन स्टँडवर आला होता.

उजागऱ्यांच्या घरी नवी पुस्तकं आली की त्यांचं समर्पण व्हायचं. मला हे माहीत नव्हतं. ओसरीत चटई अंथरली, मधे चारही खंड ठेवले, मुलांनी हात धुतले आणि प्रत्येकाने एकेका पुस्तकावर तळवा ठेवला. केझियाचा धाकटा भाऊ योएल सहा वर्षांचा होता, त्याला माशांचं पुस्तक हवं होतं म्हणून तो त्याच्यावर जवळजवळ पालथाच पडला. सुमंतने प्रार्थना केली. ज्यांनी ही पुस्तकं निवडली त्या आमच्या बहिणीच्या डोळ्यांबद्दल आभार, असं तो म्हणाला. मला भरून आलं. बावीस वर्षांत मंडळीतल्या कोणी माझ्या डोळ्यांबद्दल आभार मानले नव्हते.

प्रार्थना झाल्यावर मी त्यांचं जुनं पुस्तकांचं कपाट बघायला गेले. बरीच पुस्तकं पुण्यातल्या जुन्या बाजारातली. एक उचललं तर मधली दोन पानं टाचणीने एकमेकांना लावलेली. दुसऱ्यातही तसंच. टाचणीपाशी बारीक पेन्सिलीने लिहिलेलं होतं: केझिया चौदा.

"हे काय?" मी विचारलं.

"वय झालं की उघडायची," निर्मला म्हणाली. "काही पानं लवकर उघडली तर त्रास होतो. पण पुस्तक कशाला टाकायचं एका पानासाठी? टाचणी लावून ठेवतो. चौदाव्या वाढदिवसाला आम्ही तिघं बसून ते पान वाचणार आहोत. हिने आत्ताच प्रश्न काढून ठेवलेत."

"अकरा प्रश्न," केझिया म्हणाली.

मी टाचणी लावलेलं ते पुस्तक फळीवर परत ठेवलं. माझं तोंड गरम झालं होतं, कोणी बघितलं नाही. मी ज्याला इतकी घाबरले होते ते या घरात एका टाचणीचं काम होतं. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण मग मुलीसमोर कबूल करावं लागलं असतं की पुस्तक मोठ्यांचं नव्हतं आणि बाई खोटं बोलल्या. ज्या घरात आत्ताच माझ्या डोळ्यांबद्दल आभार मानले गेले, त्या घरात. मी ठरवलं, पुढच्या वेळी हिरवं पुस्तक गुपचूप घेऊन येईन, सापडलं म्हणून सांगेन.

जेवणाआधी मी मुलांना आकृती कशी काढायची ते शिकवलं. आधी पाहायचं. मग पुन्हा पाहायचं. मग काढायचं. पुस्तकात काय आहे ते नाही, समोर काय आहे ते काढायचं. नावं सगळी उजवीकडे, आणि नावाकडे जाणारी रेघ पट्टीने, हाताने नाही. केझियाने वहीत एक मुंगळा काढला. त्याचा एक पाय तुटका होता, तिने तुटकाच काढला. शाळेत तीस वर्षांत असं करणाऱ्या चारच मुली मला भेटल्या होत्या.

मग तिने तिसरा खंड उघडून माझ्या मांडीवर ठेवला. जमिनीवरचे प्राणी. पानभर एक साप होता, काळाभोर, चकचकीत, अंगावर पांढरे पट्टे. आईने तिला बाजूचा मजकूर मराठीत सांगितला होता. राजसाप. बिनविषारी. उंदीर खातो, शेतकऱ्याचा मित्र. स्वभावाने शांत, त्या देशात मुलं तो पाळतात.

"बाई, हा आपल्याकडं असतो?"

मी चष्मा काढून पुसला.

"हा तिकडचा," मी म्हणाले. "इथले साप वेगळे."

"वेगळे म्हणजे कसे?"

"पुढच्या वेळी येईन तेव्हा इथले साप सांगते. चित्रं घेऊन येते."

"त्या हिरव्या पुस्तकातली?"

निर्मला भाकरी थापत होती, तिचं लक्ष नव्हतं. "बघू," मी म्हणाले. तेवढ्यात ताटं घेतल्याची हाक आली. कोंबडीचा रस्सा होता, बाजरीची भाकरी होती, आणि मी पोटभर जेवले. ते मला विसरता येत नाही. मी दोनदा रस्सा मागून घेतला.

पुढची वेळ मे महिन्यात ठरली होती. मग माझे गुडघे जास्त दुखायला लागले, मग उन्हाळा फार वाढला. मी फोनवर सांगितलं, जूनमध्ये येते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सुमंतचा फोन आला. केझियाला नगरला दवाखान्यात आणलंय, प्रार्थना करा. आदल्या दिवशी संध्याकाळी तिचं पोट दुखायला लागलं होतं. आंब्याने दुखत असेल असं त्यांना वाटलं. मग तिच्या पापण्या मिटायला लागल्या. झोप आलीय का विचारलं तर नाही म्हणाली, पण डोळे उघडेनात. त्यांनी क्षणाचाही उशीर केला नाही, शेजाऱ्यांच्या जीपमधून तिला आणलं. डॉक्टरांनी तीन-तीनदा विचारलं, काही चावलं का? तिला तेव्हा बोलता येत होतं. नाही, म्हणाली. अंगावर कुठे खूण नव्हती, सूज नव्हती. रात्री ती मच्छरदाणीत कॉटवर झोपायची. आईबापही म्हणाले, नाही, काही चावलं नाही. मग डॉक्टर मेंदूच्या आजाराच्या वाटेने गेले. मी पोचले तेव्हा तिच्या तोंडात नळी होती. दुपारी ती गेली.

दफन दुसऱ्या दिवशी झालं. पेटी इतकी लहान होती की सुमंत आणि त्याचा भाऊ, दोघांनीच उचलली. गाणं सुरू केलं ते दुसऱ्या कडव्याला थांबलं, कारण निर्मलाच ते नेहमी पुढे न्यायची आणि ती गात नव्हती.

घरी आल्यावर बायका ओसरीत बसल्या. मी आत पाणी प्यायला गेले तेव्हा योएलने माझा पदर ओढला.

"बाई, ताईनं तुम्हाला दाखवायचं ठेवलंय."

त्याने गादीखालून वही काढली. शेवटच्या भरलेल्या पानावर एक साप होता. वेटोळं करून बसलेला, डोकं वेटोळ्याखाली. बाजूला तोच साप सरळ करून काढलेला. नावं उजवीकडे, रेघा पट्टीने. खाली लिहिलं होतं: राजसाप. बिनविषारी. शेतकऱ्याचा मित्र. आणि त्याच्या खाली, बाईंना दाखवायचं.

तिने पुस्तकातला साप काढला नव्हता. समोरचा काढला होता. पुस्तकातल्या सापाचे पट्टे रुंद होते. हिने बारीक काढले होते, दोन-दोन जवळ जवळ. मानेपाशी पट्टा नव्हता, ते थोडं मागून सुरू होत होते आणि शेपटीकडे जास्त ठळक होत गेले होते. पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची एक ओळ होती, त्यांतला एक खवला तिने बाजूला मोठा करून षटकोनी दाखवला होता. माझ्या हिरव्या पुस्तकात जे चित्र होतं तेच हे चित्र होतं, फक्त त्याहून चांगलं. ती मण्यार होती.

"कुठं होता हा?" मी विचारलं.

"विटांच्या खाली. अभ्यासाच्या खोलीसाठी आणल्यात ना, त्यांच्या. दुपारी. झोपला होता. ताई म्हणाली, हा शांत असतो. तिनं हातावर घेतला. मी पण शेपटीला हात लावला. गार होता."

"चावला का?"

"नाही. नुसतं तोंड लावलं ताईला." त्याने स्वतःच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधली जागा दाखवली. "दुखलंबिखलं नाही. मग आम्ही त्याला पाटाकडं सोडला."

मण्यार चावली तर दुखत नाही. खूण दिसेलच असं नाही. हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला सांगत असे.

"आईला सांगितलं?"

"नाही. ताई म्हणाली, आधी बाईंना. मग सगळ्यांना."

मी खाली बसले आणि त्याचे दोन्ही दंड धरले. "असा साप पुन्हा दिसला तर हात लावायचा नाही. लांब जायचं आणि बाबांना हाक मारायची. शपथ घे."

"आम्ही शपथ घेत नाही," योएल म्हणाला.

"मग शब्द दे."

त्याने शब्द दिला. मी वही मिटून त्याच्याकडे परत केली. "छान काढलंय ताईनं," मी म्हणाले. त्या घरात त्या दिवशी मी बोललेलं ते एकमेव खरं वाक्य होतं.

बाहेर येऊन मी सुमंतला म्हणाले की तिसऱ्या खंडात छपाईची चूक निघाली आहे, तो मी परत पाठवते. त्याने मान हलवली. त्या वेळी मी घर परत पाठवते म्हणाले असते तरी त्याने मान हलवली असती. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि एस.टी.त मांडीवर घेऊन नगरला आले.

नऊ वर्षं मी कोणाला काही सांगितलं नाही. मंडळीत मागच्या बाकावर बसायला लागले. तिसरा खंड जाळला. हिरवं पुस्तक मात्र फळीवरून काढलं नाही, त्या बाजूला स्टूलच नेलं नाही. अंगणात काळ्या रबरी पाइपवर जाळीच्या सावलीचे पट्टे पडले तरी माझा पाय जागच्या जागी थांबायचा. कोणी पोर माझ्या हातात काही द्यायला आलं की मी आधी त्याची बोटं बघायची. आणि दर वेळी मनाशी एकच हिशेब मांडायची: ते लोक कडक होते, हिरवं पुस्तक त्यांनी घरात घेतलंच नसतं. टाचण्या मी पाहिल्या होत्या तरी मांडायची. माणूस स्वतःशी बोलताना किती निर्लज्ज असतो ते मला त्या वर्षांत कळलं.

निर्मला आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. केस पांढरे झाले होते. "सलाम, बाई," मंडळीतल्या रीतीने म्हणाली आणि खुर्चीत न बसता कपाटासमोर जाऊन उभी राहिली.

"आता आमच्याकडं सात घरांतली मुलं येतात," ती म्हणाली. "योएल पण शिकवतो त्यांना. इथल्या सापांचं पुस्तक हवंय. तुमच्याकडं होतं. केझिया सांगायची. हिरवं आहे, पण मोठ्यांचं आहे म्हणायची."

मी वरच्या फळीवरच्या डब्याकडे बघितलं.

"योएलनं मला त्याच आठवड्यात सांगितलं, बाई. साप, विटा, सगळं. वही दाखवली. छपाईची चूक काय होती तेही मला समजलं."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." ती नेहमीसारखीच सावकाश बोलत होती. "पहिलं वर्ष रागानं थांबले. तुमचं नाव प्रार्थनेत घ्यायचे आणि पुढं काय मागायचं ते सुचायचं नाही. मग राग गेला. नुसतीच थांबले. आता म्हटलं, दोघींपैकी एक जण मरायच्या आत कुणीतरी यायला हवं."

मग मी सांगितलं. सगळं एका दमात. केझियाने विचारलं त्या दिवशी, तिसरा खंड मांडीवर असताना, तो साप मण्यारीसारखा दिसतो हे मला दिसलं होतं. तेव्हाच. चष्मा मी त्यासाठीच पुसला होता. पण मण्यार दाखवायची तर हिरवं पुस्तक काढायला लागलं असतं, आणि ते मी का लपवलं ते सांगायला लागलं असतं. म्हणून मी पुढच्या वेळी म्हणाले. पोरीचा जीव माझ्या लाजेपायी गेला, निर्मला. साप त्याच्या जागी झोपला होता.

तिने स्टूल कपाटाजवळ आणलं आणि धरून उभी राहिली. मी चढले. डबा बाजूला केला. पुस्तकावर बोटभर धूळ होती.

निर्मलाने ते पदराने पुसलं आणि टेबलावर ठेवून पहिल्या पानापासून सगळं बघितलं. सापांच्या चित्रांपाशी ती बराच वेळ थांबली. मग शेवटच्या पानावर आली. तो वृक्ष, त्या फांद्या, त्या टोकाचा माणूस.

"हे?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने खांद्यावरची पदराची पिन काढली आणि ते पान मागच्या पुठ्ठ्याच्या कागदाला लावून टाकलं. मोकळा झालेला पदर तिने हाताने सावरून धरला. "असं लावलं असतं," ती म्हणाली.

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, जवळ आली नाही, गेलीही नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मंगळवारी या. केझियाचं ते चित्र मी अभ्यासाच्या खोलीत लावलंय. मुलं रोज बघतात. त्याखालचं नाव चुकीचं आहे. मी दुरुस्त करणार नाही, सुमंतलाही करू दिलं नाही. ते तुम्ही करायचं."

मंगळवारी मी गेले. त्याच विटांची खोली, आत बारा-तेरा मुलं चटईवर. योएल आता पंधराचा, ओठावर लव आलेली, तो मला बघून उठून उभा राहिला. चित्र खिडकीशेजारी होतं. वहीचा कागद पिवळा पडला होता, पेन्सिल मात्र तशीच होती. योएलने ते भिंतीवरून उतरवून माझ्यासमोर ठेवलं. निर्मला दारात उभी होती.

पुढे बसलेल्या एका मुलीने मान वाकडी करून वाचलं. "बाई, हे नाव चुकलंय ना? काकू म्हणाल्या. केझियाताईला साप ओळखता आला नव्हता का?"

दारातली निर्मला हलली नाही.

"तिनं बरोबर पाहिलं होतं," मी म्हणाले. "हे पट्टे बघ, हे मधले खवले बघ. इतकं बरोबर मी कधी पाहिलं नाही. नाव मी चुकवलं."

मग मी योएलकडे पट्टी मागितली, राजसाप या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि उजवीकडे मण्यार असं लिहिलं.